षट्कोनी पेचकस : निवड, वापर आणि निगा

प्रास्ताविक

रेडिओलहरींच्या साहाय्याने दुरून चालविली जाणारी छोटी मोटारगाडी धावत असता पाहणाराचे लक्ष तिच्या वेगाकडे जाते. ती थांबवून तिचे वरचे कवच काढले म्हणजे मात्र वेगळेच दृश्य दिसते. मोठ्या मोटारीत असतात तशीच दंतचक्रे, धक्के सोसणाऱ्या स्प्रिंगा, धुरा आणि चाके वळविणारे दांडे तिच्यात असतात, आणि हे सर्व भाग कित्येक डझन बारीक स्क्रूंनी जोडलेले असतात. धुळीतून धावणे, उड्या घेणे आणि आपटणे हा तिचा नित्यक्रम असल्यामुळे तिला वरचेवर उघडावे लागते. एकच स्क्रू वर्षभरात कितीतरी वेळा काढला जातो व पुन्हा बसविला जातो.

या कामात सर्वांत अधिक हाताळले जाणारे हत्यार म्हणजे षट्कोनी पेचकस. कारागीर जिला 'ॲलन की' म्हणतात, त्या वाकड्या चावीचेच हे सरळ आणि मूठ लावलेले रूप होय. एक मूठ, एक दांडी आणि दांडीच्या शेवटी सहा बाजूंचे टोक, एवढीच त्याची रचना. परंतु त्या टोकाचे शेवटचे दोन मिलिमीटर बिघडले, तर स्क्रूची खोबण गोल होते, स्क्रू निघेनासा होतो, आणि एका क्षुल्लक स्क्रूपायी महागडी विद्युत् मोटर अथवा दंतचक्र टाकून देण्याची पाळी येते. म्हणून टिकाऊ पेचकस कोणता, हे ठरविताना 'तो किती वर्षे मोडणार नाही' एवढेच विचारून भागत नाही. 'तो आपले माप आणि आपले कोपरे किती काळ राखील' असे विचारावे लागते. या पाठात त्याच प्रश्नाचा विचार केला आहे.

षट्कोनी खोबण कशी आली

पूर्वी कारखान्यातील फिरत्या दांड्यावर कप्पी किंवा दंतचक्र पक्के करण्यासाठी चौकोनी डोक्याचा स्क्रू वापरीत. त्याचे डोके बाहेर आलेले असे. दांडा फिरू लागला, की ते कामगाराच्या कपड्यांत अडके आणि भयंकर अपघात होत. पृष्ठभागाच्या आत बुडणारा, डोके नसलेला स्क्रू हा त्यावर उपाय होता. पण ज्याला डोकेच नाही असा स्क्रू फिरवावयाचा कशाने? त्याच्या माथ्यावर आतल्या बाजूस खोबण पाडणे हे या प्रश्नाचे उत्तर. अमेरिकेच्या कनेक्टिकट राज्यातील हार्टफर्ड येथील विल्यम ॲलन यांनी थंड धातू दाबून अशी षट्कोनी खोबण घडविण्याच्या रीतीचे एकस्व, म्हणजेच पेटंट, १९१० साली मिळविले. ॲलन हे नाव पुढे त्या चावीलाच चिकटले.

छोट्या मोटारगाडीतील विद्युत् मोटरच्या दांड्यावर एक लहान दंतचक्र असते. त्यास पिनियन म्हणतात. ते दांड्यावर घट्ट धरून ठेवणारा डोके नसलेला 'ग्रब स्क्रू' हा त्या जुन्या कारखान्यातील स्क्रूचा थेट वंशज होय. तो सैल झाला तर मोटर नुसतीच फिरते आणि गाडी जागच्या जागी राहते. त्याची खोबण बिघडली, तर पिनियन मोटरवरून निघतच नाही.

सर्वच गाड्यांतील स्क्रूंना षट्कोनी खोबणी असतात असे नाही. जपानमधील तामिया कंपनीने १९७६ मध्ये पोर्शे ९३४ ही आपली पहिली रेडिओ-नियंत्रित गाडी विक्रीस आणली. या कंपनीच्या गाड्यांत अधिक चिन्हाच्या खोबणीचे स्क्रू विपुल आढळतात. अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीची १९८४ मधील आरसी-१० ही शर्यतीची गाडी मात्र षट्कोनी खोबणीच्या इंची स्क्रूंनी जोडलेली होती. अधिक चिन्हाच्या खोबणीच्या भिंती उतरत्या असतात. त्यामुळे जोर वाढला, की पेचकस आपोआप वर उचलला जातो. षट्कोनी खोबणीच्या भिंती उभ्या असल्याने तसे होत नाही, आणि हाताचा सारा जोर फिरविण्याच्या कामी येतो. या सोयीची किंमत मात्र एका अटीने द्यावी लागते : टोक आणि खोबण यांची मापे एकमेकांस नेमकी जुळली पाहिजेत.

माप : एक स्क्रू, तीन टोके

पेचकसाचे माप म्हणजे त्याच्या टोकाच्या समोरासमोरील दोन सपाट बाजूंमधील अंतर. स्क्रूचे माप म्हणजे त्याच्या आट्यांचा बाहेरील व्यास. एम-३ स्क्रू म्हणजे तीन मिलिमीटर व्यासाचा स्क्रू. नवशिक्याचा घोटाळा येथेच होतो. आंतरराष्ट्रीय मानकांप्रमाणे एम-३ स्क्रूला त्याच्या डोक्याच्या प्रकारानुसार तीन निरनिराळी टोके लागतात :

उंच, नळकांड्यासारखे डोके : २.५ मिलिमीटर
घुमटाकार डोके, तसेच खाली निमुळते होत जाऊन पृष्ठभागात बुडणारे डोके : २ मिलिमीटर
डोके नसलेला ग्रब स्क्रू : १.५ मिलिमीटर

एम-४ स्क्रूंच्या बाबतीत हीच मापे अनुक्रमे ३, २.५ आणि २ मिलिमीटर अशी आहेत. म्हणून १.५, २, २.५ आणि ३ मिलिमीटरचे चार पेचकस जवळ असले, म्हणजे मेट्रिक मापाच्या बहुतेक गाड्यांचे काम चालते.

ही मापे एकमेकांच्या जवळची वाटतात. पण त्यांच्या शक्तीत मोठे अंतर आहे. एकाच पोलादाच्या दांड्या घेतल्या, तर पीळ सोसण्याची त्यांची शक्ती मापाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. २.५ मिलिमीटरच्या टोकाची शक्ती १०० मानली, तर २ मिलिमीटरच्या टोकाची शक्ती ५१ आणि १.५ मिलिमीटरच्या टोकाची अवघी २२ भरते. पिनियनचा ग्रब स्क्रू घट्ट आवळलेला आणि बहुधा चिकट द्रव लावून पक्का केलेला असतो. असा सर्वांत हट्टी स्क्रू पुष्कळ गाड्यांत सर्वांत दुबळ्या टोकाच्या वाट्याला येतो. पैसे बेताचे असतील तर ते चारही पेचकसांवर सारखे वाटू नयेत, १.५ आणि २ मिलिमीटरचे पेचकस उत्तम घ्यावेत आणि मोठ्या मापांत काटकसर करावी.

दुसरा घोटाळा इंच आणि मिलिमीटर यांचा. भारतात वजने व मापे यांविषयीचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि त्यानंतर मेट्रिक पद्धती टप्प्याटप्प्याने रूढ झाली. तरी कारखान्यांत इंचाच्या आठव्या भागाला 'सूत' म्हणण्याची चाल अद्याप ऐकू येते. जुन्या अमेरिकी गाड्या दुरुस्त करणारास इंची टोके लागतातच. पुढील आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत : १/१६ इंच म्हणजे १.५८८ मिलिमीटर, ५/६४ इंच म्हणजे १.९८४ मिलिमीटर, आणि ३/३२ इंच म्हणजे २.३८१ मिलिमीटर. यांपैकी ५/६४ इंचाचे टोक २ मिलिमीटरच्या खोबणीत बरे बसते. ३/३२ इंचाचे टोक २.५ मिलिमीटरच्या खोबणीत शिरते खरे, पण सैल राहते. १.५ मिलिमीटरचे टोक १/१६ इंचाच्या खोबणीत असेच सैल बसते आणि पहिल्याच जोरात तिचे कोपरे खाते. 'जे शिरते ते बसते' हा समज पुष्कळ अनर्थांचे मूळ आहे. म्हणून इंची आणि मेट्रिक पेचकस वेगळ्या डब्यांत ठेवावेत, किंवा त्यांच्या मुठींना निराळे रंग द्यावेत.

फट आणि कोन

टोक खोबणीत शिरावयाचे, तर दोहोंत थोडी फट असावयासच हवी. उंच डोक्याच्या एम-३ स्क्रूची २.५ मिलिमीटर म्हटली जाणारी खोबण प्रत्यक्षात २.५२ पासून २.५८ मिलिमीटरपर्यंत असण्यास मानक मुभा देते. पेचकसाचे टोक २.५ मिलिमीटरपेक्षा किंचित कमीच बनवितात. या फटीमुळे टोक आरंभी थोडे मोकळे फिरते, आणि मग त्याचे सहा कोपरे खोबणीच्या सहा भिंतींना टेकतात. म्हणजे हाताचा जोर सपाट बाजूंवर सारखा पसरत नाही; तो कोपऱ्यांलगतच्या अरुंद पट्ट्यांवर एकवटतो.

हे मोकळे फिरणे किती, ते भूमितीने काढता येते. खोबण २.५४ आणि टोक २.४८ मिलिमीटर असेल, तर फट ०.०६ मिलिमीटर होते आणि टोक मध्यापासून एका दिशेस सुमारे २.५ अंश फिरून टेकते. तेवढीच ०.०६ मिलिमीटरची फट १.५४ च्या खोबणीत आणि १.४८ च्या टोकात ठेवली, तर हा कोन सुमारे ४.३ अंश होतो. कोन जसजसा वाढतो, तसतशी टोकाची पकड बोथट होत जाते आणि कोपरा भिंतीवरून घसरू पाहतो. मोठ्या मापात खपून जाणारी झीज लहान मापात घातक का ठरते, हे यावरून कळेल.

आता कोपऱ्यांवर येणारा दाब पाहू. फिरविण्याच्या जोरास शास्त्रात परिबल म्हणतात. अक्षापासून ५ सेंटिमीटर अंतरावर १ किलोग्रॅम वजन टांगले असता जो पीळ बसतो, तो जवळजवळ अर्धा न्यूटन-मीटर परिबलाचा असतो. १.५ मिलिमीटरच्या टोकाचे कोपरे अक्षापासून केवळ ०.८७ मिलिमीटर अंतरावर असतात. अर्धा न्यूटन-मीटर परिबल सहाही कोपऱ्यांनी सारखे वाटून घेतले, तरी प्रत्येक कोपऱ्यावर सुमारे ९६ न्यूटन, म्हणजे जवळजवळ १० किलोग्रॅम वजनाइतका दाब येतो. सुईच्या अग्रासारख्या लहान जागेवर हा भार आहे. त्यातून एखादा कोपरा झिजलेला असेल, तर त्याचा वाटा उरलेल्यांवर पडतो आणि तेही लवकर हार खातात.

प्रयोग : एक नवा स्क्रू शेगड्यात उभा धरावा. पेचकसाच्या दांडीस आडवी काडी अशा बेताने चिकटवावी, की तिचे टोक दांडीच्या अक्षापासून १० सेंटिमीटर अंतरावर येईल. पेचकस खोबणीत पूर्ण बसवून तो अलगद एका बाजूस व मग दुसऱ्या बाजूस टेकेपर्यंत फिरवावा, आणि काडीचे टोक किती मिलिमीटर सरकले ते मोजावे. या अंतरावर १ अंश म्हणजे सुमारे १.७५ मिलिमीटर होतात. आलेल्या कोनाची निम्मी संख्या म्हणजे एका दिशेचे मोकळे फिरणे. नवा आणि जुना असे दोन पेचकस घेऊन हा प्रयोग केला, तर डोळ्यांना न दिसणारी झीज काडीच्या टोकाशी स्पष्ट दिसते.

पोलादाचे दोन गुण

पेचकसाच्या पोलादात दोन गुण हवेत : कठिनता आणि चिवटपणा. कठीण पोलाद झिजत नाही. चिवट पोलाद तुटत नाही. दुर्दैवाने एक वाढविला, की दुसरा सामान्यतः कमी होतो. पोलाद तापवून ते एकदम निववितात, यास लोहार 'पाणी देणे' म्हणतात. त्याने पोलाद अतिशय कठीण होते, पण काचेसारखे ठिसूळही होते. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून थोडी कठिनता सोडून द्यावी लागते आणि त्या मोबदल्यात चिवटपणा मिळवावा लागतो. पेचकसाचा खरा दर्जा या देवघेवीत ठरतो.

कठिनता मोजण्याची रॉकवेल पद्धती कनेक्टिकट राज्यातच जन्मली. ह्यू रॉकवेल आणि स्टॅन्ली रॉकवेल यांनी १९१४ मध्ये तिच्या एकस्वासाठी अर्ज केला. तिच्या 'सी' मोजपट्टीत हिऱ्याचा शंकू ठराविक भाराने धातूत दाबून तो किती खोल गेला हे पाहतात. डोक्यावर १२.९ असा आकडा असलेल्या उच्च प्रतीच्या पोलादी स्क्रूची कठिनता या पट्टीवर ३९ ते ४४ असते. चांगल्या पेचकसाचे टोक ५५ ते ६२ च्या दरम्यान असते. हत्यार स्क्रूपेक्षा कठीण असले, म्हणजे स्क्रूच्या भिंती त्याला सहजी झिजवू शकत नाहीत. गंजरोधक पोलादाचे स्क्रू दिसावयास सुंदर असतात, परंतु ते पुष्कळ मऊ असल्याने त्यांच्या खोबणी लवकर गोल होतात. त्यांच्यासाठी टोक अधिकच नेमके हवे.

बाजारात मुख्यतः तीन प्रकारचे पोलाद आढळते. क्रोम-व्हॅनेडियम पोलाद स्वस्त व चिवट असते. मोठ्या मापांना ते पुरते. एस-२ हे धक्के सोसण्यासाठी बनविलेले हत्यारी पोलाद होय. त्यात सुमारे अर्धा टक्का कार्बन, सुमारे एक टक्का सिलिकॉन आणि थोडे मॉलिब्डेनम असते. कठिनता आणि चिवटपणा यांचा मेळ त्यात चांगला बसत असल्याने १.५ आणि २ मिलिमीटरच्या टोकांसाठी ते उत्तम समजावे. तिसरा प्रकार, धातू कापण्याच्या हत्यारांसाठी वापरले जाणारे अतिवेगी पोलाद, म्हणजेच हायस्पीड स्टील. ते फार काळ माप राखते, पण वाकडा जोर लागल्यास पूर्वसूचना न देता तुटते. हात स्थिर असणाऱ्या अनुभवी माणसालाच ते मानवते.

कित्येक पेचकसांची टोके सोनेरी दिसतात. तो टायटॅनियम नायट्राइडचा लेप असतो. हा लेप फार कठीण असून घर्षणाने होणारी झीज कमी करतो. परंतु त्याची जाडी मिलिमीटरच्या हजाराव्या भागांत मोजावी लागते. आतले पोलाद मऊ असेल तर हा लेप टोकाला पिळण्यापासून वाचवू शकत नाही. रंग पाहून पोलादाची परीक्षा करू नये.

टोक कसे निकामी झाले, यावरून मात्र पोलादाविषयी बरेच कळते. दोरीसारखा पीळ पडला असेल, तर पोलाद मऊ होते किंवा जोर मर्यादेबाहेर लावला गेला होता. कोपरे गोल झाले असतील, तर झीज तरी झाली आहे किंवा टोक अर्धवट बसवून फिरविले गेले आहे. स्वच्छ तुकडा पडला असेल, तर पोलाद ठिसूळ होते किंवा हत्यार तिरपे धरले होते.

टोक, दांडी आणि मूठ

उत्तम टोकाचे तोंड सपाट आणि कोपरे तीक्ष्ण असतात. शिरण्यास सोपे जावे म्हणून काही कारखाने टोकाच्या कडा मोठ्या प्रमाणात उतरत्या करतात. ग्रब स्क्रूची खोबण उथळ असल्याने अशा टोकाचा बराचसा भाग भिंतींना लागतच नाही. बारीक स्क्रूंसाठी कडा कमीत कमी उतरविलेले टोक निवडावे. जर्मनीतील वुपरटाल येथील वेरा कंपनीने 'हेक्स-प्लस' नावाचा निराळा आकार काढला आहे. त्यात टोकाच्या बाजू किंचित आत वळविल्या असल्याने दाब कोपऱ्याच्या धारेवरून हटून अधिक रुंद जागेवर पसरतो.

गोळ्यासारखे टोक असलेला पेचकस सुमारे २५ अंश तिरपा धरूनही चालतो. अडचणीच्या जागी हे सोयीचे असते. परंतु त्याचा स्पर्श फार थोड्या जागेवर होतो आणि गोळ्यामागील मान बारीक असते. सैल झालेला स्क्रू भरभर काढण्यासाठी ते वापरावे. घट्ट स्क्रू सोडविण्यासाठी किंवा शेवटचा आवळ देण्यासाठी वापरू नये.

दांडीचा विचार पुष्कळदा राहून जातो. १.५ मिलिमीटर जाडीची, १०० मिलिमीटर लांबीची षट्कोनी पोलादी दांडी अर्ध्या न्यूटन-मीटर परिबलाने सुमारे ६० अंश पिळली जाते. ती तुटत नाही, सोडल्यावर पूर्ववत् होते. पण स्क्रू हलला की दांडीच पिळली, हे हाताला कळत नाही. म्हणून लहान मापाच्या पेचकसात दांडी जाड असून शेवटचा थोडा भागच बारीक केलेला असावा. मूठ हाताच्या पकडीत बसणारी व खरबरीत असावी. लहान पेचकसाची मूठ अवाजवी जाड नको, कारण मूठ जितकी जाड तितके नकळत लावले जाणारे परिबल जास्त. टोक बदलता येईल अशी रचना असल्यास हत्यार दीर्घकाळ उपयोगी पडते. मूठ तीच राहते आणि झिजणारा भाग तेवढा नवा येतो. अशा रचनेत टोक मुठीत जराही डळमळत नाही, हे पाहून घ्यावे.

खरेदी करताना

भरगच्च संचापेक्षा सुटे चार पेचकस घेणे बरे. सूक्ष्म माप देणारे मायक्रोमीटर, निदान व्हर्नियर कॅलिपर, बरोबर असावे. टोकाच्या समोरासमोरील बाजूंच्या तीनही जोड्या मोजाव्यात. तीनही मापे सारखी आली पाहिजेत, आणि ती नाममात्र मापापेक्षा दोन-तीन शतांश मिलिमीटरहून अधिक कमी नसावीत. भिंगातून टोकाचे तोंड पाहावे. नंतर काचेवर दांडी टेकवून पेचकस सावकाश फिरवावा. टोक वर्तुळात डगमगत असेल तर दांडी वाकडी आहे. शेवटी नव्या स्क्रूत टोक बसवून मोकळे फिरणे पाहावे. या तपासणीस पाच मिनिटेही लागत नाहीत, आणि वेष्टनावरील कोणत्याही वर्णनापेक्षा ती अधिक विश्वसनीय असते. घेतल्या दिवशीचे माप वहीत टिपून ठेवावे. पुढे झीज ओळखावयास तेच उपयोगी पडते.

वापरण्याची रीत

पेचकस लावण्यापूर्वी खोबणीतील माती टोकदार सुईने काढावी. खोबणीच्या तळाशी माती असेल तर टोक पूर्ण खोल जात नाही, आणि वरचा अर्धा भागच सारा जोर सोसतो. टोक तळाला टेकल्याची खात्री करावी, दांडी स्क्रूच्या अक्षाशी सरळ रेषेत धरावी, आणि मग झटका न देता जोर वाढवीत न्यावा. प्लॅस्टिकमध्ये बसविलेला स्क्रू डोके टेकताच थांबवावा. तेथे आटे प्लॅस्टिकमध्ये कोरलेले असतात आणि जास्त आवळल्यास तेच निघून येतात.

धातूत बसणारे स्क्रू कंपनाने सैल होऊ नयेत म्हणून त्यांना आटे पक्के करणारा द्रव लावतात. हार्टफर्ड येथील ट्रिनिटी महाविद्यालयातील प्राध्यापक व्हर्नन क्रिबल यांनी १९५३ मध्ये असा द्रव शोधून काढला. हवा मिळत असते तोवर तो द्रव राहतो. धातूंच्या मधे हवेवाचून कोंडला गेला, की घट्ट होतो. मध्यम शक्तीचा द्रव लावलेला ग्रब स्क्रू सोडवावयाचा असल्यास प्रथम सोल्डरिंगच्या तप्त टोकाने स्क्रू थोडा वेळ तापवावा. द्रव मऊ होतो आणि पेचकसावरील भार पुष्कळ उतरतो. उच्च शक्तीच्या द्रवासाठी सुमारे २५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. एवढ्या उष्णतेने मोटरमधील चुंबकांस अपाय होण्याचा संभव असतो. म्हणून तो पिनियनवर वापरू नये. प्लॅस्टिकच्या भागांशीही अशा द्रवांचा संबंध येऊ देऊ नये, कारण काही प्लॅस्टिकांना त्यामुळे तडे जातात.

झिजलेले टोक आणि अडलेला स्क्रू

झिजलेले टोक दुरुस्त करता येते. दांडीचा शेवटचा भाग बराच लांबपर्यंत षट्कोनी असेल, तर ग्राइंडरवर टोकाचे दोन-तीन मिलिमीटर काटकोनात घासून काढावे. आतला ताजा, तीक्ष्ण षट्कोन पुढे येतो. घासताना टोक वारंवार पाण्यात बुडवावे. पोलाद निळे पडले, तर ते सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले असे समजावे. मग त्याचे पाणी उतरले. असे टोक पुन्हा मऊ वागते. घासताना डोळ्यांवर संरक्षक चष्मा असलाच पाहिजे.

खोबण गोल झालीच, तर तोच पेचकस पुन्हा पुन्हा फिरवू नये. प्रत्येक खेपेस उरलेसुरले कोपरे कमी होतात. १९६७ मध्ये अमेरिकेत पुढे आलेल्या, सहा पाकळ्यांच्या 'टॉर्क्स' प्रकारच्या टोकांचा येथे उपयोग होतो. त्यातील टी-६ चे पाकळ्यांवरील माप १.७० मिलिमीटर, टी-८ चे २.३१ आणि टी-१० चे २.७४ मिलिमीटर असते. बिघडलेल्या १.५, २ आणि २.५ मिलिमीटरच्या खोबणींत ती अनुक्रमे हलक्या ठोक्याने बसविता येतात. पाकळ्या भिंतींत रुतून नवी पकड मिळते. असा काढलेला स्क्रू पुन्हा वापरू नये.

तितकीच महत्त्वाची गोष्ट म्हणजे झिजलेला पेचकस पुन्हा डब्यात न ठेवणे. पाते बोथट झालेली सुरी फक्त स्वतः निरुपयोगी होते. कोपरे गेलेला पेचकस मात्र ज्या ज्या स्क्रूला लागेल, त्याला त्याला बिघडवीत जातो, आणि मग ते बिघडलेले स्क्रू नव्या पेचकसासही झिजवितात. शाळेच्या कार्यशाळेत, जेथे एकच हत्यार अनेक हातांतून जाते, तेथे तर महिन्यातून एकदा टोके मोजून, उतरलेली टोके वेगळी काढण्याचा नेम असावा. वहीतील मापापेक्षा पाच शतांश मिलिमीटर कमी भरलेले लहान टोक घासून नवे करावे किंवा टाकून द्यावे. टिकाऊ हत्यार विकत मिळते हे खरे. पण ते टिकले की नाही, हे मोजल्यावाचून कळत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. एम-३ मापाच्या तीन प्रकारच्या स्क्रूंसाठी कोणती टोके लागतात? एम-४ स्क्रूंसाठी कोणती?

२. ३ मिलिमीटरच्या टोकाची पीळ सोसण्याची शक्ती १०० मानल्यास १.५ मिलिमीटरच्या टोकाची किती येईल? (मापाच्या घनाचा नियम वापरावा.)

३. समान फट असूनही लहान टोक अधिक मोकळे का फिरते, ते आकृती काढून दाखवावे.

४. १.५ मिलिमीटरचा पेचकस १/१६ इंचाच्या खोबणीत वापरल्यास काय होईल, ते दोन्ही मापांची तुलना करून सांगावे.

५. कार्यशाळेतील तीन जुनी टोके भिंगातून पाहून, ती पिळली आहेत, झिजली आहेत की तुटली आहेत, ते लिहावे. आणि प्रत्येकाचे संभाव्य कारण द्यावे.